धम्मशीलाचं राहिलेलं गणित

लोणारच्या सरोवराकडे जाणाऱ्या रस्त्यावर बचत गटाच्या बायांचा झुणका-भाकरीचा एक स्टॉल आहे. पत्र्याचं छप्पर, दोन चुली, एक गॅस, पुढं चार बाकडी. तिथं भाकरी थापणाऱ्या धम्मशीलाबाईंना कुणी शिक्षणाचं विचारलं की त्या वीस वर्षं एकच उत्तर देत आल्या होत्या, "दहावी. गनित राह्यलं."

नापास झाले असं आपल्याकडं कुणी म्हणत नाही. गणित राहिलं म्हणतात, जणू ते रस्त्यात कुठंतरी मागं पडलंय आणि कधीतरी येईल चालत. धम्मशीलाचं काही आलं नव्हतं.

तिचं माहेर मेहकर तालुक्यातलं, हिवरा आश्रमाजवळचं एक खेडं. वडील माणिकराव गवंडीकाम करत, पण पोरीनं शिकावं म्हणून त्यांनी कधी तिला विटा उचलायला नेलं नाही. पोरगी हुशारच होती. समीकरण मांडून दिलं तर चटकन सोडवायची. अडायचं ते शाब्दिक उदाहरणापाशी. "एका व्यापाऱ्याने एक वस्तू शेकडा वीस नफ्याने विकली" इथून वाक्य सुरू झालं की तिच्या डोळ्यांपुढं नुसती अक्षरं हलायची. कोण व्यापारी, कुठली वस्तू, शेकडा म्हणजे शंभर वस्तू की शंभर रुपये, काही उमगत नसे. शाळेतल्या सरांनी तिला परीक्षेआधी बजावून सांगितलं होतं, "शाब्दिक उदाहरणांच्या नादी लागू नको. सोडून दे. बाकीच्यावर पास होतेस तू." तिनं ऐकलं, सोडून दिली. पास मात्र झाली नाही. पुढच्याच वर्षी लोणारच्या संघपालशी लग्न झालं. त्याची काळीपिवळी लोणार-मेहकर रस्त्यावर चालायची, अजूनही चालते.

या गोष्टीला सुरुवात झाली ती एका पौर्णिमेला. सकाळी वस्तीतल्या बाया विहार झाडायला जमल्या होत्या. विहाराच्या मागच्या खोलीत पोरांनी अभ्यासिका काढलेली; वस्तीतला प्रसेनजित तिथं भरतीच्या परीक्षा देणाऱ्यांना गणित शिकवायचा. स्वतःही तो त्याच परीक्षा देत होता. धम्मशीला झाडू घेऊन आत शिरली आणि फळ्यासमोर थांबली. आदल्या दिवशीचं उदाहरण पुसायचं राहिलं होतं. एका नाट्यगृहात तिकिटाचा दर ८० रुपये असताना ३०० प्रेक्षक येतात. दरात प्रत्येक १० रुपये वाढीमागे २० प्रेक्षक कमी होतात. एकूण महसूल २५,२०० रुपये मिळण्यासाठी दर किती ठेवावा?

तिनं ते एकदा वाचलं. परत वाचलं. अक्षरं पूर्वीसारखीच हलायला लागली. तिला वाटलं होतं, वीस वर्षांत आपण चार माणसांत बोलायला शिकलो, स्टॉल उभा केला, बँकेत सही करून आलो, तर हेही कुठंतरी आपोआप सुटलं असेल. सुटलं नव्हतं.

मागून प्रसेनजित आला. "पुसून टाका वहिनी ते."

"थांब जरा," ती म्हणाली. "हेच होतं. याच्यानंच मी राह्यली."

तो हसला, पण ती हसली नाही, म्हणून त्यानं हसू आवरलं. "बसायचं का परीक्षेले? सतरा नंबरचा फॉर्म भरून बाहेरून बसता येते. फक्त आता सारेच विषय पुन्हा द्या लागतीन. तुमच्या वेळचं पुस्तक आता नाही राह्यलं."

"देईन," ती म्हणाली आणि झाडायला लागली. तिला स्वतःलाच आश्चर्य वाटलं, इतक्या सहज तोंडातून निघून गेलं.

घरी दारी सगळ्यांनी एकच विचारलं, पास होऊन करणार काय? ती सांगायची की गटाच्या कामात दहावी पास लागते, पुढं प्रशिक्षणाला जाता येतं. ते खोटं नव्हतं. पण खरं कारण तेही नव्हतं. खरं कारण फळ्यावरचं ते नाट्यगृह होतं, आणि ते कुणाला सांगून पटण्यासारखं नव्हतं.

संघपाल एवढंच म्हणाला, "फीचं मी पाहतो. तू पाय मागं घेऊ नको म्हंजे झालं."

प्रसेनजितनं शिकवायला घेतलं. भाषा, इतिहास, विज्ञान ती आपली आपण वाचायची. भूमितीही तिला रुचली, कारण आकृती डोळ्यांना दिसते. बीजगणिताला मात्र तो रोज संध्याकाळी अर्धा तास द्यायचा. वर्गसमीकरण तिला आठवड्यात जमलं. मग त्यानंही तेच सांगितलं, जे वीस वर्षांपूर्वी सरांनी सांगितलं होतं. "वहिनी, शाब्दिक उदाहरनं ऑप्शनले टाका. तेवढ्या मार्कांसाठी डोकं काऊन शिनवता?"

"ते सोडून बाकीचं येत होतं मले तवाही," ती म्हणाली. "ते सोडायचं असंन तं मी फॉर्म कायले भरला?"

दुसऱ्या दिवशी प्रसेनजितनं नुसत्या शाब्दिक उदाहरणांचं एक जाड पुस्तक आणून दिलं.

दुपारी जेवणाची गर्दी ओसरली की ती स्टॉलच्या मागं पुस्तक घेऊन बसायची. माकडं बाकड्यांवर उतरायची, तिकडं तिचं लक्ष नसे. दोन आठवडे झाले तरी एकही उदाहरण पुरतं मांडता येईना. प्रसेनजितनं मांडून दिलं की कळायचं; पान उलटलं की पुन्हा कोरं.

वाट सापडली ती सासूमुळं, आणि सासूला त्याचा पत्ताही नव्हता. भिमाबाईंचं वय सत्तरीच्या पुढं, अक्षरओळख नाही, पण माणसांच्या गोष्टींची भारी आवड. एक दिवस सकाळी दोघी अंगणात शेंगा सोलत बसल्या असताना भिमाबाईंनी धम्मशीलाला पुटपुटताना ऐकलं.

"काय वाचून राह्यली? मोठ्यानं वाच."

धम्मशीलानं नाट्यगृहाचंच उदाहरण वाचलं. भिमाबाई कान देऊन ऐकत होत्या.

"महसूल?" त्या म्हणाल्या. "महसूल तं तलाठी घेते. नाटकवाल्याचा काय संबंध?"

"तो महसूल नाही, आत्याबाई. साऱ्या तिकिटाइचे मिळून जे पैसे जमले ते."

"मंग तसं म्हन. बरं, ऐंशीचं तिकीट होतं तं तीनशे लोक येत होते. मंग यानं भाव काऊन वाढवला?"

"जास्त पैसे पाह्यजे होते त्याले."

"अन् लोक कमी झाले."

"हाव. दहा रुपये वाढवले की वीस लोक घरीच बसतेत."

"बसतीनच. मंग दोनदा वाढवलं तं?"

"दोनदा वाढवलं तं तिकीट शंभराचं, अन् लोक चाळीस कमी."

"अन् तीनदा?"

"तीनदा..." धम्मशीलाच्या हातातली शेंग तशीच राहिली. तीनदा वाढवलं तर तीन दाहे तीस, तीन विसे साठ. किती वेळा वाढवलं ते माहीत नाही, म्हणून तेच क्ष. तिकीट ऐंशी अधिक दहा क्ष. माणसं तीनशे वजा वीस क्ष. दोन्हींचा गुणाकार म्हणजे जमलेले पैसे. ती उठली, पुस्तकाच्या मागच्या कोऱ्या पानावर मांडलं आणि सोडवत गेली. क्षच्या दोन किमती आल्या, एक आणि सहा.

दोन्ही तपासून पाहिल्या, दोन्ही बरोबर. नव्वदचं तिकीट आणि दोनशे ऐंशी माणसं, किंवा एकशे चाळीसचं तिकीट आणि एकशे ऐंशी माणसं. पैसे तेवढेच.

भिमाबाईंना तिनं हे सांगितलं. "नव्वदच ठेवावं त्यानं," त्या म्हणाल्या. "पैसे तेवढेच भेटून राह्यले तं शंभर मानसाइले बाहेर काऊन ठेवाव?"

त्या दिवसापासून नेम झाला. धम्मशीला उदाहरण आधी पुस्तकातल्यासारखं वाचायची, मग भिमाबाईंना आपल्या बोलीत सांगायची. भिमाबाई विचारायच्या, तो कुठला, त्यानं असं काऊन केलं, मंग पुढं काय झालं. नावेतला माणूस, दोन नळांची टाकी, काकाचं आणि पुतण्याचं वय, सगळ्यांची त्यांनी चौकशी केली. दोन नळांच्या टाकीवर तर त्या रागावल्याच, एक नळ भरून राह्यला अन् दुसरा रिकामा करून राह्यला, घरात मोठं मानूस नाही काय म्हणून. पण सांगता सांगता धम्मशीलाच्या मनात समीकरण उभं राहायचं. अक्षरं हलायची थांबली.

मार्चमध्ये परीक्षा झाली. सोळा-सोळा वर्षांच्या पोरींमध्ये ती बसली होती. एकीनं पहिल्या दिवशी तिला पर्यवेक्षक समजून उभं राहून जागा दिली. बीजगणिताच्या पेपरात एक उदाहरण आलं. एका वस्तूची किंमत शेकडा २० नं वाढवली, नंतर वाढीव किमतीवर शेकडा २० सूट दिली, तेव्हा ती ५७६ रुपयांना विकली गेली. तर मूळ किंमत किती? धम्मशीलानं मनातल्या मनात ते भिमाबाईंना सांगितलं. वीस वाढवले, वीस सोडले. मग होती तेवढीच. तिनं ५७६ लिहिलं, खाली दोन रेघा ओढल्या आणि इतकं सोपं उदाहरण दिल्याबद्दल पेपर काढणाऱ्याचं मनोमन भलं चिंतलं. त्याआधीच्या एका उदाहरणात बराच वेळ गेला होता, म्हणून शेवटचा प्रश्न अर्धाच राहिला.

बाहेर आल्यावर तिनं प्रसेनजितला उत्तर सांगितलं. तो म्हणाला, "सहाशे यायला पाह्यजे होतं." कसं ते त्यानं समजावलं. तिनं मान हलवली, पण तिला पटलं नव्हतं. वीस वाढवले, वीस सोडले. मधले चोवीस गेले कुठं?

निकाल लागला. सगळे विषय सुटले, विज्ञानात तर चांगले गुण होते. गणित राहिलं. चार गुणांनी.

संध्याकाळी प्रसेनजित घरी आला. संघपाल ओसरीत होता. प्रसेनजित म्हणाला, "एका विषयानं काही अडत नाही वहिनी. एटीकेटी भेटते. अकरावीले बसा, गनित मागून काढा."

"मागून म्हंजे कवा?"

"कवाही."

"वीस वर्सं मागूनच होतं," ती म्हणाली. "जुलैचा फॉर्म भर."

तेवढं बोलून ती चुलीपाशी गेली. भाकरी थापताना रडू आलं, ते तिनं धुरावर ढकललं. भिमाबाईंनी पाहिलं आणि काहीही विचारलं नाही. त्या बाईनं काही न विचारण्याची ही वस्तीतली पहिलीच वेळ असावी.

स्टॉलवर त्याच सुमारास वेगळाच गोंधळ चालला होता. ताट आधी ऐंशीचं होतं. गॅस आणि तेल महागलं म्हणून गटाच्या अध्यक्ष मंजुळाबाईंनी ते शंभराचं केलं. पंचवीस टक्के वाढ, त्या सांगायच्या. गिऱ्हाईक पातळ झालं. येणारे भाव विचारायचे आणि पुढच्या हॉटेलाकडं जायचे. मग मंजुळाबाईंनी तोड काढली. भाव शंभरच राहू द्यायचा, पण मोठा बोर्ड लावायचा, ताटावर २५ टक्के सूट. "म्हंजे पहिलेचाच भाव झाला, अन् लोकाइले वाटंन सूट भेटली," त्या म्हणाल्या. सगळ्यांना पटलं. धम्मशीलालाही पटलं. बोर्ड रंगवून आला आणि रविवारी सकाळी लागला.

पहिलं गिऱ्हाईक जालन्याकडचं एक कुटुंब, चार ताटं. जेवून उठल्यावर धम्मशीलानं सवयीनं सांगितलं, "तीनशे वीस झाले, दादा."

तो माणूस भला होता. बोर्डाकडं बोट करून म्हणाला, "ताई, पंचवीस टक्के सूट लिहिलीय ना? चारशेचे तीनशे होतात."

धम्मशीलानं मनात हिशेब केला. शंभरातून पंचवीस गेले, पंच्याहत्तर. चार ताटांचे तीनशे. बरोबर होतं. तिनं तीनशे घेतले आणि तिथंच उभी राहिली. ऐंशीचे शंभर केले तेव्हा वाढले वीस. आता सोडले पंचवीस. टक्के तेच, पंचवीस आणि पंचवीस. पण वाढवले ते ऐंशीचे होते, सोडले ते शंभराचे.

मागून मंजुळाबाईंनी हाक मारली, भाकर जळून राह्यली म्हणून. तिनं भाकर उलटली. मग पिठाचा उंडा हातात तसाच ठेवून मंजुळाबाईंना म्हणाली, "ताई, आपन ऐंशीवर नाही आलो. पंच्याहत्तरवर आलो."

"असं कसं? पंचवीस वाढवले, पंचवीस सोडले."

"कशाचे पंचवीस?"

धम्मशीलानं पिठाच्या परातीत बोटानं लिहून दाखवलं. मंजुळाबाई शहाण्या बाई. दोनदा समजून घेतलं आणि म्हणाल्या, "माह्या तं ध्यानातच नाही आलं. तुह्या आलं का पहिलेच?"

"नाही. मीही हो म्हनलंच होतं. परीक्षेतही हेच लिहून आली मी."

गिऱ्हाईक थांबलेलं होतं, म्हणून दिवसभर बोर्ड तसाच ठेवावा लागला. संध्याकाळी तो उतरवला, आणि गटानं बसून ताट नव्वदचं केलं. त्यावरही वाद झाला, पण झालं. धम्मशीला मात्र दुपारीच मागं जाऊन बसली होती. मार्चचा पेपर तिनं पुस्तकात घडी घालून ठेवलेला होता. वस्तूची मूळ किंमत क्ष. वीस टक्के वाढले ते क्षचे. एकशे वीस शतांश क्ष. आता सूट वीस टक्के, पण ती क्षची नव्हे, या वाढलेल्याची. त्याचे ऐंशी शतांश. शहाण्णव शतांश क्ष म्हणजे ५७६. क्ष बरोबर सहाशे. प्रसेनजितनं सांगितलं तेव्हा तिनं हे ऐकलं होतं. आता ते हाताला लागलं.

तिनं जाड पुस्तकातलं शेकडेवारीचं प्रकरण पहिल्या पानापासून पुन्हा काढलं. आता जिथं टक्के दिसतील तिथं ती थांबायची आणि आधी स्वतःला विचारायची, कशाचे? पगाराचे की उरलेल्या पगाराचे, खरेदीचे की विक्रीचे. चुका झाल्याच. काही उदाहरणं तिला अखेरपर्यंत नीट सुटली नाहीत, तेव्हा ती प्रसेनजितला स्पष्ट सांगायची, "हे नाही आलं, पुन्हा सांग." तो कधी कंटाळायचा, मोबाईल पाहत पाहत सांगायचा. ती त्याला तेवढ्यापुरता मोबाईल खाली ठेवायला लावायची.

जुलैच्या पेपराला संघपालनं गाडीची एक फेरी सोडली आणि तिला केंद्रावर पोचवलं. पेपर हातात आल्यावर तिनं आधी शाब्दिक उदाहरण शोधलं. एका प्रदर्शनाच्या तिकिटाचा दर शेकडा २५ नं कमी केला, तेव्हा प्रेक्षकांची संख्या शेकडा ६० नं वाढली. तर एकूण उत्पन्नात शेकडा किती वाढ झाली?

तिनं पुन्हा वाचलं. तिकीट कितीचं होतं, लिहिलेलंच नव्हतं. माणसं किती, तेही नाही. सुरुवातीला तिनं कच्च्या पानावर साठातून पंचवीस वजा केले, पस्तीस आले, आणि पेन उत्तरपत्रिकेकडं नेलं. तिथं हात थांबला. पंचवीस कशाचे? तिकिटाचे. साठ कशाचे? माणसांचे. तिकिटातून माणसं कशी वजा होतील?

तिनं पस्तीसवर काट मारली. भिमाबाई विचारतील, तिकीट कितीचं होतं गं? आणि आपण म्हणू, नाही सांगितलं आत्याबाई, जेवढ्याचं असंन तेवढ्याचं. मग तेच क्ष. आणि माणसं असतील तेवढी असतील, ती य. आधीचं उत्पन्न क्ष गुणिले य. आता तिकीट पंच्याहत्तर शतांश क्ष, माणसं एकशे साठ शतांश य. गुणाकार केला, एकशे वीस शतांश क्ष गुणिले य. म्हणजे शंभराचे एकशे वीस झाले. वाढ शेकडा वीस. तिकीट कितीचंही असो, माणसं कितीही असोत, वीसच. तिला इतकं नवल वाटलं की शेजारच्या पोरीला सांगावं असं क्षणभर मनात आलं. मग ती पुढच्या प्रश्नाकडं वळली, कारण मार्चमध्ये वेळ कुठं गेला होता ते तिला चांगलं आठवत होतं.

निकालाच्या दिवशी ती स्टॉलवर होती. प्रसेनजितनं फोनवर पाहून सांगितलं, "गनित निघालं वहिनी."

"किती?"

त्यानं आकडा सांगितला. काठावरच्यापेक्षा बरे होते, मिरवण्यासारखे नव्हते. तिनं फोन मंजुळाबाईंच्या हातात दिला आणि तोंडावर पाणी मारून आली. मंजुळाबाईंनी तेवढ्यात अख्ख्या गटाला सांगून टाकलं होतं. घरी भिमाबाईंनी ऐकलं तेव्हा विचारलं, "मंग आता ते नाटकवाले, टाकीवाले नाही येनार का?"

"येतीन," धम्मशीला म्हणाली. "बारावीतही येतीन."

अभ्यासिकेत हल्ली आठवड्यातून दोन दिवस वस्तीतल्या तीन बायाही बसतात; सगळ्यांचं गणितच राहिलेलं आहे. प्रसेनजितला अकोल्याला नोकरी लागली. जाताना त्यानं अभ्यासिकेची चावी धम्मशीलाकडं दिली. तिला सगळं येत नाही, हे ती त्या बायांना पहिल्याच दिवशी सांगून मोकळी झाली. जे येत नाही ते चौघी मिळून वाचतात, आणि कुणीतरी एक जण विचारते, कोन होता तो, त्यानं असं काऊन केलं.

पुढच्या वर्षी बारावीचा बाहेरून अर्ज भरायला ती महाविद्यालयाच्या खिडकीशी उभी राहिली. वाणिज्य शाखा तिनं घेतली होती. आतल्या लिपिकानं अर्ज वरपासून खालपर्यंत वाचला आणि मान वर केली.

"बाई, वाणिज्यला गणित सक्तीचं नाही. बाहेरून बसणारे सगळे त्याऐवजी चिटणिसाची कार्यपद्धती हा विषय घेतात. सोपं जातं."

"माहीत हाय," धम्मशीला म्हणाली.

"मग गणितापुढं चुकून खूण झाली का? बदलून देऊ?"

"नाही. राहू द्या."

लिपिकानं शिक्का मारला. तिनं पावती ब्लाउजमधल्या बटव्यात ठेवली आणि भराभर निघाली, कारण त्या दिवशी सरोवरावर सहलीच्या तीन बसगाड्या येणार होत्या आणि पीठ अजून चाळायचं होतं.